अभिमान गुग्गुळाचा, आग्रह प्रमाणाचा

(रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्री-आरोग्यावर एका महिला मेळाव्यात झालेल्या भाषणाचा हा मजकूर.)



आजचा विषय घराघरात आहे, पण घरात बोलला जात नाही. सासऱ्यांची रक्तदाबाची गोळी किती वाजता, यजमानांची साखर गेल्या महिन्यात किती होती, मुलाची लस केव्हा, हे सारे ज्या गृहिणीला तोंडपाठ असते, तिच्या स्वतःच्या रक्तात मेदाचे प्रमाण किती आहे, हे बहुधा तिलाही ठाऊक नसते आणि कुटुंबालाही. हृदयविकार हा पुरुषांचा आजार, अशी आपली एक पक्की समजूत आहे. वस्तुस्थिती अशी की, भारतात स्त्रियांच्या मृत्यूच्या कारणांत हृदय व रक्तवाहिन्यांचे विकारच अग्रस्थानी आहेत. या वाटचालीला वेग येतो तो रजोनिवृत्तीच्या उंबरठ्यावर, आणि त्या वेळी घरात कोणाचेच तिकडे लक्ष नसते.

सुश्रुतसंहितेत रजोदर्शनाचे वय बारा आणि रजोनिवृत्तीचे वय पन्नास सांगितले आहे. आज भारतीय स्त्रीची रजोनिवृत्ती साधारणतः ४६-४७ व्या वर्षी होते, म्हणजे पाश्चात्त्य स्त्रीपेक्षा चार-पाच वर्षे अगोदर. या काळात इस्ट्रोजेन या संप्रेरकाचे प्रमाण उतरते. रक्तातील एलडीएल, म्हणजे ज्याला आपण व्यवहारात वाईट कोलेस्टेरॉल म्हणतो, ते गोळा करून घेण्याचे काम यकृत करते आणि यकृताच्या पेशींवरील ती यंत्रणा सजग ठेवण्याचे काम इस्ट्रोजेन करीत असते. ते कमी झाले की यकृताची उचल मंदावते आणि मेद रक्तात साचू लागतो. अमेरिकेत १,०५४ स्त्रियांचा वर्षानुवर्षे मागोवा घेणाऱ्या एका अभ्यासाचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. शेवटच्या पाळीच्या आगेमागे एकेक वर्षाच्या काळात एलडीएल झपाट्याने वाढते आणि ही वाढ सर्व वंशांच्या स्त्रियांत सारखीच दिसते, असे त्यात आढळले. स्त्री तीच, स्वयंपाकघर तेच, तेलाचा डबाही तोच. तरी रक्तातला आकडा बदलतो. म्हणून 'मी काही फार तेलकट खात नाही' हे उत्तर येथे पुरे पडत नाही.

ज्यांची रजोनिवृत्ती शस्त्रक्रियेने अकाली झाली, त्यांचा प्रश्न याहून बिकट आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार भगिनींच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय २०१९ मध्ये राज्यभर गाजला आणि शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. गर्भाशयासोबत बीजकोशही काढले गेले असतील, तर तिशी-पस्तिशीतल्या स्त्रीचे इस्ट्रोजेन एका दिवसात आटते आणि हृदयविकाराचा धोका पन्नाशीची वाट पाहत नाही. तिचा कोयता थांबत नाही आणि तिच्या रक्ताची तपासणी कोणी करीत नाही. स्त्री-आरोग्याचा विचार शहरी दिवाणखान्यापुरता राहिला, तर तो समाजाचा विचार म्हणता येणार नाही.

आता उपायांकडे वळू. गेल्या शतकाच्या अखेरीपर्यंत पाश्चात्त्य वैद्यक सांगत होते की, इस्ट्रोजेन घटले आहे, तर ते बाहेरून द्यावे. हृदयही सुरक्षित राहील. तर्क सरळ होता आणि लक्षावधी स्त्रिया वर्षानुवर्षे त्या गोळ्या घेत होत्या. मग १६,६०८ स्त्रियांवर एक मोठी चाचणी झाली आणि जुलै २००२ मध्ये ती मध्येच थांबवावी लागली. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन एकत्र घेणाऱ्या स्त्रियांत हृदयविकार, पक्षाघात आणि स्तनाचा कर्करोग यांचे प्रमाण कमी होण्याऐवजी वाढलेले दिसले. रजोनिवृत्तीचा त्रास तीव्र असेल तर योग्य वयाच्या, योग्य प्रकृतीच्या स्त्रीला डॉक्टर आजही संप्रेरके देतात, ते योग्यच आहे. पण केवळ हृदयरक्षणासाठी ती घेऊ नयेत, हा धडा त्या चाचणीने दिला.

या धक्क्यानंतर जगभरच्या स्त्रिया वनस्पतींकडे वळल्या. सोयाबीन, हिरवा चहा, लसूण, जवस आणि आपला गुग्गुळ यांच्या अर्कांनी भरलेल्या कुप्या दुकानांच्या मांडणीवर आल्या. 'नैसर्गिक', 'निर्धोक', 'शतकानुशतकांचा अनुभव' ही अक्षरे त्यांवर ठळक असतात. आपल्यासारख्या, स्वदेशीचा आणि आयुर्वेदाचा अभिमान बाळगणाऱ्या कुटुंबांत तर या कुपीचे स्वागत अधिकच आपुलकीने होते. ते स्वाभाविक आहे. पण त्या कुपीतून नेमके काय मिळते, हे विचारण्याचे कर्तव्यही त्या अभिमानातूनच उत्पन्न होते. त्यासाठी गुग्गुळाची कथा मुळापासून ऐकण्यासारखी आहे.

गुग्गुळ म्हणजे राजस्थान आणि कच्छच्या रुक्ष भूमीत वाढणाऱ्या एका काटेरी झुडपाचा डिंक. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात मेदोवृद्धीचे वर्णन आहे, त्यामुळे शरीरातील मार्ग कसे अवरुद्ध होतात याचे विवेचन आहे आणि उपायांत गुग्गुळाचा निर्देश आहे. काशी हिंदू विश्वविद्यालयात संशोधन करणाऱ्या डॉ. जी. व्ही. सत्यवती यांना या वर्णनात आणि आधुनिक वैद्यकातील रक्तवाहिन्या कठीण होण्याच्या विकारात साम्य दिसले. त्यांनी ग्रंथाला नमस्कार करून तो कपाटात ठेवला नाही आणि आपण शोधलेले साम्य म्हणजेच सिद्धता, असेही मानले नाही. त्यांनी सशांना मेदयुक्त आहार देऊन त्यांच्या रक्तातील कोलेस्टेरॉल वाढविले, काहींना गुग्गुळ दिला, काहींना दिला नाही, आणि फरक मोजला. १९६६ चा त्यांचा प्रबंध हा स्वतंत्र भारतातील औषधसंशोधनाचा एक मानबिंदू आहे. पुढे त्याच सत्यवती भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पहिल्या महिला महासंचालक झाल्या. एका भारतीय विदुषीने भारतीय ग्रंथ प्रयोगशाळेत नेला, ही घटना आपल्या मुलींना शाळेत सांगितली गेली पाहिजे.

या कथेत महाराष्ट्राचाही वाटा आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. सुख देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुग्गुळातील घटकद्रव्ये वेगळी केली; ते संशोधन १९७२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांतील महत्त्वाची द्रव्ये पुढे गुग्गुळस्टेरोन या नावाने जगाला परिचित झाली. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने गुग्गुळाचा प्रमाणित अर्क सिद्ध केला, देशातील अनेक केंद्रांत रुग्णांवर चाचण्या झाल्या आणि १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबईच्या सिप्ला कंपनीने तो बाजारात आणला. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय चाचणीत ६१ रुग्णांचे २४ आठवडे निरीक्षण झाले आणि एलडीएल सुमारे साडेबारा टक्क्यांनी घटलेले आढळले. २००२ मध्ये अमेरिकन शास्त्रज्ञांनी तर गुग्गुळस्टेरोन यकृतातील कोणत्या ग्राहीवर काम करते, याचा शोध 'सायन्स' या जगप्रसिद्ध नियतकालिकात मांडला. ग्रंथ, प्रयोगशाळा, रुग्णालय आणि पुन्हा जागतिक प्रयोगशाळा, असे वर्तुळ पूर्ण झाले, असे वाटावे अशी ती घडी होती.

आणि पुढच्याच वर्षी, २००३ मध्ये, अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून निकाल आला. १०३ स्त्री-पुरुषांचे तीन गट केले होते. दोन गटांना गुग्गुळाचा प्रमाणित अर्क कमी-अधिक मात्रेत दिला आणि तिसऱ्याला प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली, पण तशीच दिसणारी गोळी. कोणाला काय मिळते आहे, हे देणाऱ्यालाही ठाऊक नव्हते आणि घेणाऱ्यालाही. आठ आठवड्यांनी पाहिले तर प्लासिबो घेणाऱ्यांचे एलडीएल पाच टक्क्यांनी उतरले होते, आणि गुग्गुळ घेणाऱ्यांचे चार ते पाच टक्क्यांनी चढले होते. काहींच्या अंगावर पुरळही उठले. नंतर, २००९ मध्ये, नॉर्वेतील ४३ जणांच्या बारा आठवड्यांच्या चाचणीत एकूण कोलेस्टेरॉल थोडे घटले. पण त्यासोबत चांगले, म्हणजे एचडीएल, कोलेस्टेरॉलही घटले आणि एलडीएलमध्ये उल्लेखनीय फरक पडला नाही.

अशा निकालावर आपल्याकडे दोन प्रकारच्या प्रतिक्रिया उमटतात. एक वर्ग म्हणतो, 'पाहा, आयुर्वेद म्हणजे थोतांड.' दुसरा म्हणतो, 'हे परकीयांचे कारस्थान. आमच्या ऋषींना तुमची चाचणी नको.' पहिल्याची मेकॉलेच्या शाळेतली मान अजून वर उठलेली नाही. पण दुसराही परंपरेची सेवा करीत नाही, हे स्पष्टपणे बोलले पाहिजे. चाचणीत वापरला गेला तो डिंकाचा अर्क होता. वैद्य गुग्गुळ देतो तो शोधन करून, अन्य द्रव्यांसह, रुग्णाची प्रकृती आणि अग्नी पाहून, पथ्य सांगून. भारतीय चाचण्यांतील रुग्णांचा आहार वेगळा होता, अमेरिकन रुग्णांचा वेगळा. हे सारे मुद्दे खरे आहेत आणि विचारात घेण्याजोगे आहेत. परंतु त्यांचे उत्तर व्यासपीठावरून मिळत नाही. ते अधिक चांगल्या, अधिक मोठ्या आणि आपल्या स्त्रियांवर केलेल्या चाचणीतूनच मिळते. शिवाय दुकानातल्या कुपीत जे मिळते, तोही अर्कच असतो. वैद्याची युक्ती त्या कुपीत भरलेली नसते.

चाचणी हा काही आपल्यावर लादलेला परकीय नियम नव्हे. आप्तोपदेश, प्रत्यक्ष, अनुमान आणि युक्ती अशी चार प्रमाणे चरकसंहितेने सांगितली आहेत. ज्येष्ठांचा उपदेश हे त्यांतील एक प्रमाण आहे, एकमेव नाही. आपले अलीकडचे विजय आठवा. जखमेवर हळद लावण्याच्या उपयोगाचे एकस्व अमेरिकेत १९९५ मध्ये दिले गेले, तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने ते आव्हानित केले आणि १९९७ मध्ये ते रद्द करविले. ती लढाई मोर्चाने जिंकली नाही. संस्कृत ग्रंथांतील आणि जुन्या नियतकालिकांतील लेखी पुरावे परीक्षकांसमोर ठेवून जिंकली. जे शस्त्र घेऊन आपण हळद सोडवून आणली, ते प्रमाणाचे शस्त्र गुग्गुळाच्या वेळी म्यान करून कसे चालेल?

त्याआधीचे उदाहरण मुंबईचेच आहे. सर्पगंधेचा उपयोग आपले वैद्य पूर्वापार करीत आले होते. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांवर तिचा काळजीपूर्वक वापर करून त्याची नोंद १९४९ मध्ये ब्रिटिश हृदयरोग नियतकालिकात प्रसिद्ध केली आणि जगाने ती वनस्पती स्वीकारली. पुढे तिच्यातील रेसर्पिन या द्रव्याच्या अधिक मात्रेने मन खिन्न होण्यासारखे त्रास होतात, हेही मोजणीतूनच कळले आणि वापराला मर्यादा पडली. गुण आणि दोष दोन्ही एकाच तराजूत तोलले गेले. वनौषधीचा खरा सन्मान असा होतो.

हा तराजू हाती धरून आता बाकीच्या कुप्याही पाहू.

रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांवरच झालेली एक मोठी चाचणी हिरव्या चहाच्या अर्काची आहे. अमेरिकेतील मिनेसोटा येथे हजाराहून अधिक स्त्रियांनी तीत भाग घेतला आणि वर्षभर रोज मोठ्या मात्रेत हा अर्क घेतला गेला. एलडीएल सुमारे चार टक्क्यांनी घटले, म्हणजे १५० चे १४४ झाले. पण ट्रायग्लिसराइड नावाचा दुसरा मेद किंचित वाढला, आणि अर्क घेणाऱ्या शंभरातील पाचांहून अधिक स्त्रियांच्या रक्तात यकृताला इजा पोहोचत असल्याची चिन्हे दिसली. प्लासिबो घेणाऱ्यांत हे प्रमाण शंभरात एकाहूनही कमी होते. चहा कपाने पिणे वेगळे आणि त्याचा अर्क गोळीत दाबून घेणे वेगळे, हा फरक तेथे अधोरेखित झाला.

सोयाबीनची कथा अशीच उतरत गेली. १९९९ मध्ये अमेरिकन शासनाने रोज २५ ग्रॅम सोया प्रथिन हृदयास हितकर असल्याचे वेष्टनावर लिहिण्यास अनुमती दिली. पुढील अभ्यासांत एलडीएलवरील परिणाम जेमतेम तीन टक्क्यांच्या आसपास निघाला आणि २०१७ मध्ये त्याच खात्याने ती अनुमती मागे घेण्याचा प्रस्ताव मांडला. लसणीचे काय? २००७ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाने १९२ जणांना सहा महिने कच्ची लसूण किंवा तिच्या गोळ्या दिल्या. एलडीएल हलले नाही. फोडणीतली लसूण सोडण्याचे कारण नाही, पण तिच्यावर औषधाचा भार टाकू नये. अर्जुनाच्या सालीच्या चूर्णाची जयपूर येथील १०५ रुग्णांवरील चाचणी २००१ मध्ये प्रसिद्ध झाली आणि तिचा निकाल आशादायक होता. पण ती अवघ्या ३० दिवसांची होती, आणि हृदयाचे औषध तर वर्षानुवर्षे घ्यायचे असते.

आता जमेची बाजू, आणि ती आपल्या स्वयंपाकघरातच आहे. जवस! विदर्भ-मराठवाड्यातील घरांत जवसाची चटणी अजून कुटली जाते. जवसावरील २८ चाचण्यांचा एकत्रित आढावा २००९ मध्ये घेतला गेला. अख्ख्या जवसाने एलडीएल माफक घटते, आणि हा परिणाम स्त्रियांत, विशेषतः रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांत, अधिक स्पष्ट दिसतो, असे त्यात आढळले. जवसाच्या तेलाने मात्र तसा परिणाम दिसला नाही. गुण भरडलेल्या बियांत आहे, महागड्या तेलाच्या कुपीत नाही. मेथीदाण्यावर हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने काम केले. तेथील एका अभ्यासात मधुमेही रुग्णांचे कोलेस्टेरॉल उतरले खरे, पण दिवसाची मात्रा होती तेल काढलेल्या मेथीपुडीची १०० ग्रॅम! सकाळी चमचाभर भिजवलेली मेथी खाऊन तेवढ्याच फळाची अपेक्षा करणे म्हणजे स्वतःची फसवणूक होय.

सर्वांत भक्कम पुरावा आहे तो इसबगोलाचा. नाव फारसी असले तरी पीक आपले आहे. गुजरात-राजस्थानच्या शेतांतून ते जगभर जाते आणि भारत त्याचा सर्वांत मोठा उत्पादक आहे. रोज दहा ग्रॅमच्या आसपास इसबगोलाचा भुसा भरपूर पाण्यासोबत घेतला तर एलडीएल साधारणतः पाच ते दहा टक्क्यांनी उतरते. आतड्यातील पित्त हा भुसा धरून ठेवतो, ते बाहेर टाकले जाते आणि नवे पित्त तयार करण्यासाठी यकृताला रक्तातील कोलेस्टेरॉल उचलावे लागते, असे त्यामागचे कार्य आहे. थायरॉइडच्या व अन्य गोळ्यांच्या वेळेपासून मात्र तो काही तास दूर ठेवावा. ज्याला आपण केवळ बद्धकोष्ठावरचे घरगुती औषध समजतो, त्याने मोठमोठ्या नावांच्या अर्कांना मागे टाकले आहे.

तरीही दहा टक्के म्हणजे दहा टक्केच. ज्या भगिनीला मधुमेह आहे, जिचा रक्तदाब चढता आहे, जिच्या माहेरी वडील-भाऊ तरुणपणी हृदयविकाराने गेले, किंवा जिला स्वतःला एकदा झटका येऊन गेला आहे, तिला तेवढे पुरत नाही. २०२२ मध्ये अमेरिकेतील क्लीव्हलँड येथील संशोधकांनी सुमारे १९० जणांवर तुलना केली. रोसुव्हास्टॅटिन या औषधाची पाच मिलिग्रॅमची छोटी गोळी एका बाजूला. माशाचे तेल, लसूण, दालचिनी, हळद, वनस्पतिजन्य स्टेरॉल आणि लाल यीस्टचा तांदूळ दुसऱ्या बाजूला. २८ दिवसांत गोळीने एलडीएल सुमारे ३८ टक्क्यांनी घटविले. बाकीच्यांपैकी एकाचाही परिणाम प्लासिबोहून उल्लेखनीय ठरला नाही. स्टॅटिन औषधे स्त्रियांना लागू पडत नाहीत, ही शंकाही १,७४,००० रुग्णांच्या एकत्रित माहितीतून २०१५ मध्ये दूर झाली. त्यांत २७ टक्के स्त्रिया होत्या आणि समान धोका असलेल्या स्त्री-पुरुषांना सारखाच लाभ झालेला दिसला.

येथे कोणी म्हणेल, 'पण ते रसायन, हे निसर्गाचे.' ही विभागणीच मुळात भ्रामक आहे. स्टॅटिनचा शोध जपानच्या अकिरा एंडो यांनी १९७३ मध्ये लावला तो हजारो बुरशींची छाननी करून. ते निसर्गाचेच देणे आहे. फक्त मोजलेले, शुद्ध केलेले आणि ठरलेल्या मात्रेचे. उलट 'नैसर्गिक' म्हणून विकल्या जाणाऱ्या लाल यीस्टच्या तांदळात तेच द्रव्य अनिश्चित प्रमाणात असते. २०२४ मध्ये जपानमध्येच अशा तांदळाच्या गोळ्यांत उत्पादनाच्या वेळी अन्य बुरशीचे विष मिसळले गेले आणि अनेकांची मूत्रपिंडे बिघडली. घातक होते ते परीक्षेविना घेतलेले द्रव्य, मग ते बुरशीचे असो वा डिंकाचे.

आणखी एक धोका घरात कोणाच्या लक्षात येत नाही. रक्तदाबाची गोळी चालू असतानाच शेजारणीच्या सल्ल्याने गुग्गुळाचा अर्क सुरू केला जातो आणि डॉक्टरांना ते सांगितले जात नाही. गुग्गुळामुळे डिल्टियाझेम आणि प्रोप्रानोलोल या दोन औषधांचे रक्तातील प्रमाण घटते, हे भारतीय संशोधकांनीच १९९४ मध्ये दाखवून दिले आहे. म्हणजे गोळी पोटात जाते, पण तिचे काम अर्धवट राहते. वैद्यराजांकडे जाताना डॉक्टरांची चिठ्ठी आणि डॉक्टरांकडे जाताना वैद्यांची पुडी बरोबर न्यावी, एवढा साधा नियम पाळला तरी अनेक अनर्थ टळतील.

गुग्गुळाच्या झाडाविषयी तर बोललेच पाहिजे. जगाची मागणी वाढली आणि कच्छ-राजस्थानातील झुडपांवर खोल चिरा पडू लागल्या. अधिक डिंक गळावा म्हणून जखमेत दाहक लेप भरले जातात. डिंक भरपूर गळतो आणि झाड वाळून जाते. पुन्हा तसे झाड उभे राहण्यास वर्षानुवर्षे लागतात. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या सूचीत ही वनस्पती 'अतिसंकटग्रस्त' म्हणून नोंदली गेली आहे. सुश्रुताने गौरविलेले झाड आपल्याच पिढीत नामशेष व्हावे आणि तेही ज्याची उपयुक्तता अजून पुरती सिद्ध झालेली नाही अशा अर्कासाठी, यासारखा करंटेपणा नाही. ज्यांना गुग्गुळाचा अभिमान आहे, त्यांनी प्रथम गुग्गुळाची लागवड करणाऱ्यांच्या आणि त्याचे जतन करणाऱ्यांच्या पाठीशी उभे राहावे.

आता करावयाचे काय? पंचेचाळिशी उलटलेल्या, किंवा पाळी अकाली थांबलेल्या प्रत्येक भगिनीने रक्तातील मेद, साखर, रक्तदाब आणि थायरॉइड यांची तपासणी करून घ्यावी. थायरॉइड मंद असेल तर कोलेस्टेरॉल त्यामुळेही चढते आणि त्यावर योग्य उपचार केल्याने उतरतेही. अहवालातला आकडा कुटुंबातील सर्वांना ठाऊक असावा. त्यात संकोच कसला? आहारात भरडलेले जवस, कडधान्ये, पालेभाज्या, इसबगोल यांना स्थान द्यावे. उपवासाच्या नावाखाली तुपातल्या साबुदाण्याचा भरमार टाळावा. रोज अर्धा तास झपाझप चालावे. डॉक्टरांनी स्टॅटिन सांगितले असेल तर ते कोणत्याही चूर्णाच्या भरवशावर परस्पर बंद करू नये. दम लागणे, विलक्षण थकवा, जबड्यात वा पाठीत दुखणे, मळमळ ही स्त्रियांत हृदयविकाराची लक्षणे असू शकतात. 'पित्त झाले असेल' म्हणून ओवा चावत बसण्यात अमूल्य वेळ जातो.

कार्यकर्त्यांसाठीही काम आहे. वस्तीवर आरोग्य शिबिर घेताना पुरुषांच्या रांगेशेजारी चाळिशीपुढच्या स्त्रियांची रांग आवर्जून लावावी, ऊसतोड टोळ्यांच्या तळावर जावे, पाळी अकाली थांबलेल्या भगिनींची नोंद करून त्यांना तपासणीपर्यंत पोहोचवावे. हृदयविकार हमखास बरा करण्याच्या जाहिराती करण्यास १९५४ च्या औषधे व जादूई उपचार कायद्याने मनाई आहे. अशी जाहिरात दिसली तर ती स्वदेशी कंपनीची आहे म्हणून डोळेझाक करू नये. उलट आपल्याच घरातला खोटेपणा आपण प्रथम रोखावा.

आयुर्वेदाच्या संशोधकांकडून समाजाची अपेक्षा मोठी आहे. वैद्य जसा देतो तसाच शोधित गुग्गुळ, पथ्यासह, रजोनिवृत्तीनंतरच्या शेकडो भारतीय स्त्रियांना, वर्ष-दोन वर्षे आणि प्लासिबोशी काटेकोर तुलना करून द्यावा आणि जो निकाल येईल तो निर्भयपणे प्रसिद्ध करावा. निकाल अनुकूल आला तर जगाला एक औषध मिळेल. प्रतिकूल आला तर लक्षावधी भगिनींचा पैसा आणि वेळ वाचेल, एक झाड वाचेल. दोन्ही परिणामांत राष्ट्राचा लाभच आहे.

डॉ. सत्यवतींनी साठ वर्षांपूर्वी सुश्रुताचा शब्द घेऊन प्रयोगशाळेचे दार उघडले. त्यांच्या मनात श्रद्धा होती, आणि उत्तर 'नाही' असे आले तरी ते लिहून ठेवण्याची तयारीही होती. घरातील स्त्रीच्या आयुष्याचा प्रश्न असताना तेवढीच तयारी आपण दाखवावी, एवढीच आजच्या प्रसंगी प्रार्थना. या आठवड्यात प्रत्येक घरातून एका माउलीची रक्ततपासणी झाली, तर या मेळाव्याचे सार्थक झाले असे म्हणता येईल.

भारतमाता की जय!